अकरा पुतळ्यांचा हिशेब

भाची : मोडायची? पुतळ्यांची माळ? आत्या, तुझ्या त्या मशिनकट बांगड्या मोड, लग्नामुंजीत आहेर म्हणून आलेल्या अंगठ्या मोड, मी चकार शब्द काढणार नाही. पण ही माळ पणजीच्या गळ्यात होती, मग आजीच्या, मग तुझ्या. पुरुषांचं बरं असतं. त्यांची नावं सातबाऱ्यावर राहतात, देवळाच्या मानपानात राहतात, कुळाच्या वंशावळीत तर सगळे तेच. बायकांचं काय? सासरी आली की नाव बदललं, आडनाव बदललं आणि दोन पिढ्यांत 'अमक्याची आई' एवढीच ती उरली. पणजीचं माहेरचं नाव आज घरात कुणालाही सांगता येत नाही. तिची म्हणून दाखवता येईल अशी एकच वस्तू शिल्लक आहे आणि तू ती मुशीत घालायला निघालीस.

आत्या : माळ तिची हे माहीत, ती कोण हे माहीत नाही. मग माळेनं सांभाळलं काय? हे बघ, मी रागानं बोलत नाही. हिशेब साधा आहे. पुतळ्या अकरा. वाटेकरी तीन : माझी लेक, माझी सून आणि तू. अकराला तिनानं भाग जात नाही. एका पुतळीचं वजन साडेतीन ग्रॅमच्या आतबाहेर, म्हणजे सगळं मिळून अडतीसेक ग्रॅम. मोडली की तिघींना सारखं येतं, गुंजभर इकडेतिकडे होत नाही. न मोडता एकीला दिली तर दोघी मनात धरतील, आणि कुणालाच दिली नाही तर मी गेल्यावर तेराव्याच्या आत कपाटाच्या किल्लीवरून जे व्हायचं ते होईल. दहा ग्रॅमचा भाव लाखाच्या वर गेला आहे. आता कुणाला मोह होणार नाही असं म्हणायला मी काही साधुसंत नाही आणि तुम्हीही नाही. सोन्यावरून बोलणं तुटलेल्या सख्ख्या बहिणी मी या रत्नागिरीत पाहिल्या आहेत. एकीच्या गळ्यात आईची आठवण आणि दुसरीच्या मनात कायमची अढी. या भावानं आठवण मला परवडत नाही.

भाची : निदान आपण काय मोडतो आहोत ते तरी बघ. ही पुतळी म्हणजे मुळात व्हेनिसचं नाणं, डुकाट. १२८४ साली त्यांनी ते पाडायला घेतलं आणि १७९७ साली त्यांचं प्रजासत्ताक बुडेपर्यंत शिक्का जवळजवळ तोच ठेवला. एका बाजूला संत मार्कसमोर गुडघे टेकून निशाण स्वीकारणारा त्यांचा डोज, म्हणजे राज्यप्रमुख. दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या वलयात उभा येशू. मिऱ्यांच्या, मसाल्यांच्या, कापडाच्या बदल्यात हे सोनं तांबड्या समुद्रातून आणि इराणच्या आखातातून आपल्या किनाऱ्यावर उतरायचं. आपल्याच जिल्ह्यातलं दाभोळ त्या काळचं नावाजलेलं बंदर. नाणं शुद्ध आणि वजनाला खरं, म्हणून सराफांनी ते घेतलं. बायकांनी त्याला कड्या लावल्या आणि पटवेकऱ्याकडून रेशमात गाठवून गळ्यात घातलं. समुद्राच्या त्या टोकाचा राज्यप्रमुख आमच्या पणजीच्या गळ्यात गुडघे टेकून बसला आहे, आणि तुला त्यात फक्त अडतीस ग्रॅम दिसतात!

आत्या : मला लहानपणी त्यात लक्ष्मी दिसायची. आईलाही लक्ष्मीच दिसायची. गौरीच्या दिवशी ती त्या गुडघे टेकलेल्या बाबाला हळदकुंकू वाहायची. तुझ्या संत मार्कालाही त्यातलं थोडं लागलं असेल. गंमत सोड, पण भिंग घेऊन या पुतळ्यांवरची अक्षरं बघ. मी सराफाकडे बघितली आहेत. कडेनं नुसत्या काड्या आहेत काड्या. व्हेनिसच्या नाण्याला एवढी मागणी, की इकडच्या कारागिरांनी तसेच ठसे करून हुबेहूब पुतळ्या पाडल्या. त्यांना ती लिपी येत नव्हती. जे दिसलं ते उतरवलं, पुढच्यानं त्यावरून उतरवलं, आणि होता होता अक्षरांच्या काटक्या झाल्या. आपली पुतळी त्यातलीच. आणि मला विचारशील तर घरातल्या आठवणींचंही असंच होतं. पणजीनं आजीला सांगितलं, आजीनं आईला, आईनं मला. मधल्या कुणाला मूळ भाषा येत नव्हती. आता आपण जे 'घराण्याची आठवण' म्हणून मिरवतो त्यात किती अक्षरं आहेत आणि किती काटक्या, हे कोण सांगणार?

भाची : कबूल. पण त्या कारागिरानं अक्षर चुकवलं, सोनं नाही चुकवलं. पुतळी खोटी असती तर सराफानं तुला आजचा भाव सांगितला नसता. गोष्टीचा तपशील बिघडला म्हणून गोष्टीमागचं नातं खोटं ठरत नाही. आणि आठवण ठेवायचीच तर कशात ठेवायची, याचा तू कधी विचार केला आहेस? २२ जुलै २०२१ ला चिपळूणला पूर आला तेव्हा तुझ्या धाकट्या नणंदेच्या घरी मी चिखल उपसायला गेले होते. अल्बमचा लगदा झाला होता. पैठणी, शालू, लग्नाची पत्रिका, शाळेचे दाखले, सगळं गेलं. एका डब्यात तिच्या आईची बोरमाळ होती, ती नळाखाली धरली आणि झाली पहिल्यासारखी. कागदाला वाळवी, कापडाला कसर, फोटोला आपल्या कोकणातली बुरशी. मोबाइलमधले फोटो तर पुढच्या मोबाइलपर्यंतसुद्धा पोचत नाहीत. आपल्या या हवेत शंभर वर्षं तगून राहील असं घरात दुसरं आहे काय?

आत्या : तगून राहणं वेगळं आणि आठवणीत राहणं वेगळं. आपल्या गावातलंच बघ. ब्रह्मदेशाचा थिबा राजा. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतलं, राजाला बोटीत बसवलं, आणि १८८६ साली त्याला आणून ठेवलं कुठे, तर इथे. मेला तोही इथेच, १९१६ साली, तीस वर्षं काढून. त्या घराण्याकडं एक माणिक होतं, नगा मौक नावाचं. सगळ्या ब्रह्मदेशाला ठाऊक असलेलं. पकडलं त्या दिवशी गडबडीत ते कर्नल स्लेडन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं खिशात घातलं ते परत दिलंच नाही. राजानं इथून अर्जांमागून अर्ज केले. काही झालं नाही. आणि जे दागिने बरोबर आणता आले होते, ते त्यानं एकेक करून इथल्याच व्यापाऱ्यांना विकले, मिळेल त्या भावाला. आता मला सांग, आज लोक कशाबद्दल बोलतात? जे हरवलं त्या माणकाबद्दल! विकलेल्या शेकडो खड्यांचं कुणाला काही माहीत नाही, आणि ते खडे तर कुठे ना कुठे शाबूत असणारच. हिरा-माणिक काही कुजत नाही. कुणाच्या तरी कुडीत, कुणाच्या तरी नथीत आज ते बसलेले असतील आणि घालणारीला वाटत असेल, आमच्या आजेसासूबाईंचं हो!

(इथे एक पुस्ती जोडायला हवी. स्लेडननं माणिक घेतलं हा थिबा राजाचा आणि त्याच्या घराण्याचा आरोप होता. स्लेडन १८९० साली वारला आणि माणकाचं पुढं काय झालं ते कधीच सिद्ध झालं नाही. मात्र आत्या ज्या ठामपणे सांगतात त्याच ठामपणे ही गोष्ट रत्नागिरीत सांगितली जाते, आणि तोही या वादातला पुरावाच म्हणायचा. कुणाच्या बाजूचा, ते वाचकानं ठरवावं.)

भाची : थिबा राजा होता, आत्या. त्याच्यासाठी सरकारी दप्तरं आहेत, १९१० साली बांधलेला राजवाडा आहे, त्याच्यावर पुस्तकं लिहिली गेली. त्याचं माणिक गेलं तरी आठवण टिकवायला इतकं सगळं उभं राहिलं. आमच्या पणजीसाठी कुठला गव्हर्नर दप्तर ठेवणार आहे? तिचं दप्तर म्हणजे ही माळ. आणि तुझ्याच गोष्टीचा दुसरा अर्धा भाग तू सोडलास. थोरल्या राजकन्येची मुलगी टूटू इथेच राहिली, मराठी बोलत, आपल्यासारखाच संसार करत, आणि हलाखीत. एका राज्याच्या खजिन्याची नात! तिच्या हाती त्यातला एक खडा जरी आला असता तरी तिचं आयुष्य निराळं झालं असतं. तेव्हा दागिना गेला तरी आठवण राहते, हे राजाच्या बाबतीत खरं असेल. नातीला नुसत्या आठवणीनं काय दिलं?

आत्या : आता तू माझ्या बाजूनं बोलायला लागलीस. टूटूला खडा मिळाला असता तर तिनं काय केलं असतं? काचेच्या पेटीत ठेवला असता? विकला असता, आणि बरोबर केलं असतं. दागिना त्यासाठीच असतो. आणि राजाचे दागिने स्वस्तात घेणाऱ्या व्यापाऱ्यांना नावं ठेवण्याआधी आपल्या घरातली वज्रटीक आठव. ती तुझ्या आईकडे आहे, 'आमच्या घरातली जुनी' म्हणून. पणजोबांचं दुकान होतं तेव्हा ते वस्तूवर पैसे द्यायचे. एका बाईनं ती गहाण टाकली आणि तिला ती सोडवता आली नाही. आमच्या घराण्याची ठेव म्हणजे तिच्या घराण्याचं नुकसान. तिचं नाव पणजीच्या नावासारखं विसरलं गेलं असंही नाही. ते कधी कुणी विचारलंच नाही. जिच्या घरात काहीच उरलं नाही तिच्या आठवणी कुठं शोधायच्या? म्हणजे ज्यांनी सोनं टिकवलं त्यांनाच आजी-पणजी होत्या आणि ज्यांचं गहाण बुडालं त्यांच्या आज्या आभाळातून पडल्या होत्या, असं होत नाही का?

भाची : वज्रटिकेचं मला हे माहीत नव्हतं.

आत्या : कसं असणार? लाखेवरच्या त्या सोन्याच्या मण्यांवर कुठं लिहिलं आहे? मी सांगितलं म्हणून कळलं. पाटल्यांचंही ऐकून ठेव, म्हणजे एकदम होऊन जाईल. तू दिवाळीला घालतेस त्या पाटल्या काकूआजीच्या. ती विधवा झाली तेव्हा सोळा-सतरा वर्षांची असेल. हातातल्या काढल्या आणि वर्षाच्या आत धाकट्या जावेच्या हातात गेल्या. काकूआजी पुढं साठ वर्षं जगली, रोज त्या पाटल्या दुसरीच्या हातात बघत. इथल्याच मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली देवरुखच्या गोदूबाईंशी, विधवेशी, लग्न केलं तर गावानं त्यांना वाळीत टाकलं. हे सगळे आपल्याच मुलखातले, आपल्याच आसपासचे लोक. जुन्या घरातल्या कुठल्याही जुन्या दागिन्याचा माग काढ. मधे कुठंतरी एखादीच्या हातातून तो उतरवलेला असतोच. तुम्ही मुली म्हणता, आज्यांचा स्पर्श. मला त्यात ओढून काढल्याचा स्पर्श आधी आठवतो.

भाची : मग तर मोडू नकोच! मोडलंस तर हा पुरावासुद्धा जाईल. तू मला सांग, दागिना नसता तर काकूआजीची गोष्ट तुझ्या तोंडून आज निघाली असती? इतकी वर्षं मी तुझ्याकडे येते आहे, एकदाही निघाली नाही.

आत्या : निघाली कारण मोडण्याची भाषा निघाली. दागिना गौरीच्या अंगावर असतो तोवर सगळ्याजणी 'किती सुंदर' एवढंच म्हणतात. तो मोडायचा म्हटलं, गहाण टाकायचा म्हटलं, वाटायचा म्हटलं, की मग खऱ्या गोष्टी बाहेर येतात. आणि आपण लक्षात कुणाला ठेवलं आहे ते बघ. भाऊराव पाटलांनी वसतिगृह चालवलं, पोरांना खायला नाही अशी वेळ आली, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा दिलं. ते मंगळसूत्र आज कुणापाशी नाही, पण रयत शिक्षण संस्थेच्या शाळेत शिकलेल्या कुणालाही विचार, त्याला ते ठाऊक असतं. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'साठी त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गेले. ते जपून ठेवले असते तर आज त्यांच्या पणतीच्या लॉकरमध्ये चार बांगड्या असत्या, इतकंच. स्त्रीधन म्हणजे बाईच्या हातातला शेवटचा पैसा. त्याला हात लावायचा नाही, त्याच्याकडे बघून डोळे भरून आणायचे, हे नखरे पोट भरल्यावरचे.

भाची : आता माझं शांतपणे ऐक. तू म्हणतेस दागिना म्हणजे पैसा, जपणूक म्हणजे नखरा. पण तो पैसा म्हणून टिकला कशामुळे? आजीकडे याच किमतीच्या नोटा असत्या तर किती दिवस राहिल्या असत्या? कुणाचं बारसं, कुणाचं आजारपण, कौलं फिरवायची, दारूला मागणारा दीर, उसने मागणारा मेव्हणा. पोस्टातल्या पैशाला घरातले सगळे पुरुष विचारतात. पुतळ्यांच्या माळेला हात घालताना मात्र दहादा विचार होतो, 'आईची आहे' म्हटल्यावर मागणारा खाली बघतो. मन मोडत नाही म्हणून ती मोडत नाही, आणि मोडत नाही म्हणून खऱ्या अडचणीला ती असते. म्हणजे ज्याला तू हळवेपणा म्हणतेस तेच त्या तिजोरीचं कुलूप आहे. तू आज म्हणतेस तसं सगळ्याच बायकांनी सोन्याकडे नुसतं ग्रॅममध्ये बघायचं ठरवलं तर स्त्रीधन दोन वर्षांत घरखर्चात विरघळून जाईल. १९८२ चा संप आठव. गिरण्या बंद झाल्या, आजोबा मुंबईहून ट्रंक घेऊन परत आले. मुंबईची मनिऑर्डर थांबली तेव्हा कोकणातल्या घराघरांतून काय बाहेर निघालं? आजीनं ही माळ गहाण टाकली आणि चार वर्षांनी सोडवून आणली. विकली नाही. व्याज भरत राहिली. निव्वळ हिशेब केला असता तर विकणं परवडलं असतं, व्याज भरणं नाही. तिनं तो हिशेब केला नाही म्हणून आज आपण या माळेवरून भांडतो आहोत. गिरणीतल्या कामगाराच्या बायकोची माळ आहे ही, कुणा सरदारणीची नाही. तिनं ती शून्यातून परत आणली. ही गोष्ट मी माझ्या मुलीला सांगते तेव्हा ती माळेला हात लावून बघते.

आत्या : कुलूप. बरं बोललीस, हे मला सुचलं नव्हतं. कुलूप आहे खरं. पण किल्ली कुणाकडे होती? कोर्टानं १९८५ साली, त्या प्रतिभा राणीच्या खटल्यात, स्पष्ट सांगितलं की स्त्रीधन बाईचं एकटीचं, नवऱ्याचा त्यावर हक्क नाही. कोर्टाला ते सांगावं लागलं याचाच अर्थ समजून घे. आता तुझ्या गोष्टीतली चूक सांगते. गहाण टाकली, सोडवली, सगळं बरोबर. पण माळ मुळात बारा पुतळ्यांची होती.

भाची : बारा?

आत्या : बारा. मोजून बघ, गाठवणीत एका बाजूला एक पुतळी कमी आहे. पटवेकऱ्यानं तेव्हाच म्हटलं होतं, एक मोठा मणी घालू या. सोडवून आणली त्याच वर्षी तुझ्या बाबांना पॉलिटेक्निकला घातलं. फी, राहणं, ड्रॉइंगचं सामान. आईनं एक पुतळी मोडली. आता ही माळ माझ्या लग्नात माझी म्हणून ठरली होती. सगळ्यांना ठाऊक होतं. मोडायच्या आधी मला कुणी विचारलं नाही. मी विहिरीवर होते, परत आले तर आई आणि काका सराफाकडून येऊन चहा पीत बसले होते. विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं, हे तुला शपथेवर सांगते. भाऊ शिकला, नोकरीला लागला, तू शिकलीस, सगळं त्या पुतळीतून आलं आणि त्याचं मला चांगलंच वाटतं. पण तुझ्या बाबांनी ही गोष्ट तुला कशी सांगितली? 'आईनं व्याज भरून माळ सोडवली.' हो ना? बारावी पुतळी त्यांच्या गोष्टीत नाही. ते खोटं बोलत नाहीत, बरं का. त्यांना ती आठवतच नाही. ज्याच्यासाठी मोडलं त्याला आठवत नाही आणि जिची मोडली तिला आठवतं. तू म्हणतेस माळ आठवण सांभाळते. कुणाची सांभाळते ते विचार.

भाची : …बाबांना खरंच माहीत नसेल?

आत्या : त्यांना आज विचारू नकोस. तो विषय नाही. मला तक्रार करायची नाही, म्हणून इतकी वर्षं केली नाही.

भाची : मला जे म्हणायचं आहे ते तुला आवडणार नाही, तरी म्हणते. बारावी पुतळी माळेत नाही, पण माळेत अकरा आहेत हे तर दिसतं. आज तू सकाळी 'अकराला तिनानं भाग जात नाही' म्हणालीस. बारा असत्या तर चार-चार वाटून मोकळी झाली असतीस, मुशीचा प्रश्नच नव्हता. म्हणजे तुझ्यावर जो अन्याय झाला त्याची एकच खूण जगात शिल्लक आहे : ही अपुरी माळ. तू ती वितळवून तीन सारखे तुकडे केलेस की हिशेब सरळ होईल आणि बारावी पुतळी कायमची नाहीशी होईल. तुझ्या हातानंच. विट्याकडचे गलाईवाले साऱ्या देशभर जुनं सोनं गाळत बसलेले असतात. त्यांच्या मुशीत कितीतरी घरांतल्या अशा कमी-जास्त माळा गेल्या असतील. लगड बाहेर येते ती सगळ्यांची सारखीच. तुला तेच हवं आहे?

आत्या : खरं सांगू? थोडं हवं आहे. तुम्हाला तरुणपणी वाटतं, सगळं राहिलं पाहिजे, सगळ्याची नोंद झाली पाहिजे. मला काही गोष्टी संपायला हव्या आहेत. माझ्या लेकीच्या गळ्यात अपुरी माळ जावी आणि तिनं आयुष्यभर ते अपुरेपण वागवावं, हे मला नको. आणि वागवणार तरी कसं? तिच्या साडीवर ही माळ शोभत नाही, गावाबाहेर घालून जायची भीती, म्हणून बँकेच्या लॉकरात. वर्षाचं भाडं भरायचं. उद्या बँकेत चोरी झाली, आग लागली, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानं बँकेची जबाबदारी किती? वर्षाच्या भाड्याच्या शंभर पट. पूर आला तर तीही नाही. आणि १९६३ चं मला आठवतं, मोरारजींचा सुवर्ण नियंत्रणाचा हुकूम आला. नवा दागिना चौदा कॅरेटच्या वर करायचा नाही. दागिने जाहीर करायची सक्ती नव्हती, पण घाबरलेल्या माणसाला नियम कोण समजावून सांगणार? आईनं ही माळ भाताच्या कणगीत पुरली आणि तीन महिने रोज रात्री कणगीत हात घालून बघायची. आमच्या आळीतल्या सोनाराचं काम बसलं ते पुन्हा उभं राहिलं नाही. त्याची मुलं मुंबईला गेली. सोनं असण्याची भीतीसुद्धा माळेबरोबरच वारशानं येते. ती माझ्या सुनेला द्यायची का?

भाची : मग एक सुचवते. मोडूही नको आणि एकीला देऊही नको. शिमग्यात आपल्या पालखीला रूपं, म्हणजे मुखवटे, लागतात ती कुणाची असतात? देवाची. मानकऱ्यांकडे सांभाळायला असतात, पाळीनं. कुणी म्हणत नाही की माझ्या वाट्याचा तुकडा काढून द्या. माळ तशीच ठेवू. एक वर्ष तुझ्या लेकीकडे, एक वर्ष सुनेकडे, एक वर्ष माझ्याकडे. गौरीला जिच्याकडे असेल ती घेऊन येईल. बरोबर एक वही. त्यात बारावी पुतळी, कणगी, गहाण, व्याज, सगळं लिहायचं. तुझ्या शब्दांत, बाबांच्या नव्हे. वज्रटिकेचंही लिहायचं. म्हणजे सोनं सोन्याच्या जागी आणि गोष्ट गोष्टीच्या जागी.

आत्या : देवाच्या रूपांना पोटापाण्याची अडचण येत नाही. माणसाला येते. समजा, सुनेच्या पाळीत माळ आहे. मुलगा आजारी पडला, किंवा नवऱ्याशी पटेनासं झालं, घर सोडायची वेळ आली. त्या रात्री तिच्या हातात अडतीस ग्रॅम सोनं आहे आणि ते तिचं नाही! ते 'घराण्याचं' आहे, वहीत लिहिलेलं, फोटो काढलेलं. तिनं तुम्हा दोघींना फोन करून परवानगी मागायची? मग ते स्त्रीधन कसलं? तुझ्या त्या वहीनं तू बाईच्या हातातलं शेवटचं सोनं काढून घराण्याच्या कपाटात ठेवलंस. आजपर्यंत हे काम काका आणि दीर करत होते, आता तुम्ही मुली प्रेमानं कराल.

भाची : तसं मी म्हटलं नाही.

आत्या : म्हटलं नाहीस, पण तसंच होईल. म्हणून माझी एक अट. ती मान्य असेल तर नाही मोडत, ठेव तुझी वही आणि तुझी पाळी. जिच्या ताब्यात ज्या वर्षी माळ असेल तिला ती मोडायचा पुरा अधिकार. अख्खी. कुणाला न विचारता, कारण न देता. नंतर कुणी तोंड वाकडं करायचं नाही.

भाची : विचारू नये, हे मला मान्य. पण सांगावं तरी? मोडायच्या आधी एक फोन. परवानगीसाठी नव्हे. कदाचित दुसरी कुणी पैसे देऊन माळ ठेवून घेईल, कदाचित आम्ही तिघी मिळून काही करू. आणि काहीच जमलं नाही तर निदान शेवटचं एकदा बघू.

आत्या : आधी सांगणं म्हणजे विचारणंच झालं. फोनवर तू गप्प बसलीस तरी ती समजेल. ओशाळेल आणि मोडणार नाही, आणि त्या रात्री तिला जे करायचं होतं ते राहून जाईल. नंतर सांगेल. वहीत लिहील हवं तर.

भाची : आणि तुझी पुतळी मोडल्यावर तुलाही नंतरच कळलं होतं. तेव्हा तुला ते चाललं नाही. चाळीस वर्षं चाललं नाही.

आत्या : ती माझी होती आणि मोडली दुसऱ्यांनी. इथे जिची पाळी तिची माळ.

भाची : तिची एकटीची कशी? मग पाळी कशाला म्हणायचं? नाही आत्या, नंतर सांगितलेलं मला चालणार नाही.

आत्या : मग सराफाला मी अजून नाही म्हणून कळवत नाही. गौरीपर्यंत माळ इथेच आहे. तोवर लेकीला आणि सुनेलाही विचार, त्यांना आधी हवं की नंतर. त्या दोघींना आपण अजून काहीच विचारलेलं नाही.